पोलीस तपासावरच्या मालिकेचा भाग लिहिताना: आधी केसचे कागद, मग पटकथा

पोलीस तपासावरच्या मालिकेचा भाग लिहायला घेतलात, की पटकथेला हात घालण्यापूर्वी त्या गुन्ह्याची केस डायरी लिहून काढा. तपासी अधिकारी रोज कुठे गेला, कोणाला भेटला, काय जप्त केले आणि कोणाचा जबाब घेतला, हे त्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामाच्या पद्धतीचा कायदा) कलम १९२ नुसार तारीखवार नोंदवावेच लागते. तीच नोंद लेखकाने आपल्या काल्पनिक केससाठी केली, तर कथेचा सांगाडा आपोआप उभा राहतो आणि अधिकाऱ्याला ‘अचानक सुचले’ म्हणून खुनी सापडण्याची नामुष्की टळते. मला या प्रकारच्या कथनाविषयी मनापासून आस्था आहे, आणि आपल्याकडे त्यातली खरी ताकद, म्हणजे पोलीस ठाण्याचे रोजचे काम, फार थोडे लेखक वापरतात असे वाटते.

समजा, डोंबिवलीतल्या एका जुन्या सोसायटीच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत सकाळी वॉचमनचा मृतदेह सापडतो. कोणीतरी ११२ वर फोन करते, बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, येतात, ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद घेतो. या घटकेला खुनाचा गुन्हा दाखल होत नाही. अंगावर जखम नाही, टाकीचे झाकण उघडे आहे, माणूस रात्री पिऊन पडला असावा असे सगळेच म्हणतात. म्हणून त्याच संहितेच्या कलम १९४ खाली अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि चौकशी एका उपनिरीक्षकाकडे येते. पहिला अंक इथेच घडू द्या. ‘हा खून आहे’ हे प्रेक्षकाला पाचव्या मिनिटाला सांगून टाकण्यापेक्षा, अकस्मात मृत्यूची ही नोंद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खालच्या, म्हणजे खुनाच्या, गुन्ह्यात कशी बदलते, हे दाखवण्यात कितीतरी अधिक नाट्य आहे.

त्यासाठी पंचनामा नीट लिहायला शिका. मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे प्रेत कसे आणि कोणत्या स्थितीत सापडले याची नोंद, पंचांसमक्ष होतो. दोन पंच शोधणे हेच हवालदाराचे पहिले संकट असते, कारण चहाच्या टपरीवाल्याला त्या दिवसाचा धंदा बुडवायचा नसतो आणि वर्षांनंतर कोर्टात उभे राहायचे तर त्याहूनही नसते. पंचनाम्याची भाषा कोरडी असते आणि तिच्या कोरडेपणातच धागा दडवता येतो. उदाहरणार्थ, रायटर हवालदार, म्हणजे ठाण्यातले लिखाण सांभाळणारा, सवयीने लिहून जातो: ‘मयताच्या अंगात खाकी फुलपँट असून तिच्या डाव्या पायाच्या दुमडीत काळसर चिखल लागलेला दिसतो.’ त्या वेळी या ओळीकडे कोणीही थांबून पाहू नये. टाकी सिमेंटची आणि स्वच्छ आहे, हे प्रेक्षकाने त्याच दृश्यात पाहिलेले असावे, पण त्यावर संवाद नको. मग तिसऱ्या ब्रेकनंतर रात्रपाळीत उपनिरीक्षक तोच कागद पुन्हा वाचतो आणि त्याचे बोट त्या ओळीवर थबकते. प्रेक्षकाजवळ जी माहिती होती तीच अधिकाऱ्याजवळ होती. हा प्रामाणिकपणा या प्रकारच्या कथेत सर्वांत मोलाचा आहे.

वैद्यकीय भाग लिहिताना एकच तपशील निवडा आणि तो शेवटपर्यंत न्या. आपल्या केसमध्ये तो डायटमचा असू शकतो. डायटम म्हणजे नदी, खाडी, तळे अशा पाण्यात असणारी, सिलिकाचे कवच असलेली सूक्ष्म शैवले. माणूस जिवंतपणी अशा पाण्यात बुडाला, तर श्वासाबरोबर ती फुप्फुसात आणि तिथून रक्तावाटे हाडांच्या मगजापर्यंत पोहोचू शकतात. पालिकेच्या शुद्ध केलेल्या, गाळलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण अगदी कमी असते. म्हणून टाकीत सापडलेल्या माणसाच्या मांडीच्या हाडात डायटम भरपूर आढळले, तर तो टाकीत बुडून मेला नाही, अशी दाट शंका निर्माण होते आणि कथेची दिशा डोंबिवलीजवळच्या मोठागावच्या खाडीकडे वळते. परंतु ही तुलना करायला टाकीतल्या पाण्याचा नमुना पहिल्याच दिवशी पंचांसमक्ष सीलबंद केलेला हवा. तो घ्यायचे राहून गेले आणि दुपारी सोसायटीने टाकी उपसून धुऊन घेतली, तर? टाकीत प्रेत निघाल्यावर कोणतीही सोसायटी नेमके हेच करील. खलनायकाने काहीही न करता पुरावा नष्ट झाला, आणि आता उपनिरीक्षकाला वरिष्ठांसमोर उभे राहायचे आहे. तपासातली अशी चूक गोळीबारापेक्षा अधिक ताण निर्माण करते. या चाचणीच्या विश्वासार्हतेविषयी न्यायवैद्यकातही मतभेद आहेत, तेव्हा अहवालाला ब्रह्मवाक्य करू नका; तो फक्त अधिकाऱ्याला पुढच्या दाराशी नेऊन सोडतो. शिवाय अहवाल संध्याकाळपर्यंत येत नाही. तो येईपर्यंतचे आठवडे कसे जातात, हे सीसीटीव्हीचे फुटेज, मोबाइलचे सीडीआर (कॉलच्या नोंदी) आणि वॉचमनच्या गावाहून आलेला, पोलीस ठाण्यातल्या बाकावर तासन्‌तास बसून राहणारा भाऊ यांच्यातून दाखवा.

पदांची गल्लत टाळा. डोंबिवली ठाणे पोलीस आयुक्तालयात येते, म्हणून तिथे सहायक पोलीस आयुक्त असतो. हीच कथा साताऱ्याच्या एखाद्या तालुक्यात नेलीत, तर त्या जागी उपविभागीय पोलीस अधिकारी येईल, वर पोलीस अधीक्षक असेल आणि समांतर तपासाला स्थानिक गुन्हे शाखा उतरेल.

संवादांत कलमे कमी आणि कामाची भाषा जास्त असू द्या. हवालदार तरुण उपनिरीक्षकाला ‘साहेब’ म्हणतो, पण नोकरी त्याची दुप्पट झालेली असते. ‘साहेब, पाण्याची बाटली भरून घेऊ का, नंतर लागंल,’ असे त्याने पहिल्या दिवशी सुचवलेले आणि साहेबाने घाईत उडवून लावलेले एक वाक्य पुढे पूर्ण भागावर सावली धरू शकते. टाकी धुतल्याचे कळल्यावर हवालदाराने त्याची आठवण करून देऊ नये. तो फक्त चहा सांगायला उठतो.

मालिकेच्या लेखकाला ब्रेकचे गणित पाळावेच लागते. अर्ध्या तासाच्या प्रसारणात साधारण २२ मिनिटांचा मजकूर मिळतो, आणि कथा, पटकथा, संवाद बऱ्याचदा तीन वेगळ्या माणसांकडे असतात. म्हणून वनलाइनमध्येच, म्हणजे दृश्यांच्या एकेका ओळीच्या आराखड्यातच, कोणता कागद कोणत्या ब्रेकला हाती येतो, हे लिहून ठेवा. ब्रेकवर किंचाळीऐवजी नवा कागद आला, तर प्रेक्षक परत येतो, असा माझा विश्वास आहे. खऱ्या गुन्ह्यावरून भाग बेतणार असाल, तर लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख पटेल असा कोणताही तपशील, नाव बदलूनसुद्धा, ठेवू नका. कायद्याने ते गुन्हा ठरते, आणि कायदा नसता तरी ते करू नये.

आता शेवट. कोठडीत आरोपीला दोन थपडा बसतात आणि तो सगळे कबूल करतो, या दृश्याचा मोह सोडा. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नुसार आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, आणि मारहाणीला न्यायाचे रूप देणारी मालिका प्रेक्षकाला चुकीचेच शिकवते. मात्र आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू मिळाली, तर तेवढा भाग ग्राह्य धरता येतो. म्हणून निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू काढल्याची पंचांसमक्ष नोंद, हाच खरा उत्कर्षबिंदू करा. आरोपी पोलिसांना आणि दोन पंचांना खाडीच्या काठी घेऊन जातो. ओहोटी आहे. एक शिपाई मोबाइलवर सगळे चित्रीकरण करतो आहे. आरोपी बोट दाखवतो, हवालदार गुडघाभर काळ्या चिखलात उतरतो आणि वॉचमनची टॉर्च बाहेर काढतो. उपनिरीक्षक वाकून खालच्या पाण्याची बाटली भरतो, लाख लावून सील करतो आणि टपरीवाल्या पंचापुढे सहीसाठी लेबल धरतो.