सात आकड्यांचं पत्र कसं वाचावं

आमच्या गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासाला बसतात. इंग्लंडमधल्या १६८८ च्या क्रांतीबद्दल त्यांना एकच ओळ पाठ असते: रक्त न सांडता राजा बदलला आणि संसद श्रेष्ठ ठरली. मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं हीच ओळ फळ्यावर लिहिली. पुढे त्या प्रकरणातल्या मूळ पत्राची झेरॉक्स हाती आली. सात बड्या माणसांनी आपल्याच राजाविरुद्ध परक्या सत्ताधीशाला, हॉलंडच्या विल्यमला, लिहिलेलं ते पत्र. तेव्हापासून मी मुलांना ओळ देत नाही, पत्र हातात देतो. ते कसं वाचायचं, एवढंच इथे सांगायचं आहे.

आधी एक वही घ्या आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘पत्रात काय म्हटलंय’, उजवीकडे ‘प्रत्यक्षात काय झालं’. तळाशी चार-पाच ओळी रिकाम्या सोडा. तिथे ‘पत्रात काय नाही’ ते लिहायचंय, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

पहिलं काम तारखेचं. पत्रावर ३० जून १६८८ आहे. इंग्लंड तेव्हा जुन्या दिनदर्शिकेवर चालायचं आणि हॉलंडमध्ये नवी दिनदर्शिका होती, म्हणजे तिकडे त्या दिवशी १० जुलै. हा दहा दिवसांचा फरक लक्षात ठेवला नाही तर पत्र पोचल्याच्या, जहाजं सुटल्याच्या तारखा एकमेकींत अडकतात. शिवजयंतीच्या तारखेचा घोळ ऐकून असलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तारीख लागली की त्या दिवशी लंडनमध्ये आणखी काय चाललं होतं ते बघा. राजा दुसरा जेम्स कॅथलिक, प्रजा बहुतांशी प्रॉटेस्टंट. सैन्यात कॅथलिक अधिकारी नेमता यावेत म्हणून तो कायदे बाजूला सारत होता. धर्मस्वातंत्र्याचा आपला जाहीरनामा चर्चमध्ये वाचून दाखवा, असा त्याने हुकूम काढला. सात बिशपांनी अर्ज करून नकार दिला, तर त्यांना लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैदेत टाकून खटला भरला. ३० जूनला ते निर्दोष सुटले आणि लंडनच्या रस्त्यांवर होळ्या पेटल्या. त्याच दिवशी पत्रावर सह्या झाल्या.

पण नुसती नाराजी होती म्हणून पत्र गेलं, असं लिहू नका. नाराजी तीन वर्षांची होती आणि लोक वाट बघत होते. जेम्सच्या दोन्ही मुली, मेरी आणि ॲन, प्रॉटेस्टंट होत्या. म्हातारा राजा गेला की गादी मेरीकडे येणार होती. १० जूनला राणीला मुलगा झाला. मुलगा म्हणून गादी आधी त्याची, आणि तो कॅथलिक वाढणार, म्हणजे ती वाट बंद झाली. वहीत ही तारीख ठळक करा. पत्र त्यानंतर वीस दिवसांचं आहे.

आता पत्र उलटं धरा, म्हणजे शेवटापासून सुरुवात करा. शेवटी नावं नाहीत, आकडे आहेत: २५, २४, २७, २९, ३१, ३५, ३३. मी ते फळ्यावर लिहिले की मुलांना हजेरीचे क्रमांक वाटतात. प्रत्येक आकड्यामागे एक माणूस आहे: श्रूजबरी, डेव्हनशर, डॅन्बी, लमली, लंडनचा बिशप कॉम्प्टन, एडवर्ड रसेल आणि हेन्री सिडनी. हा राजद्रोह होता, पकडले गेले असते तर मुंडकी गेली असती. पत्र घेऊन निघालेला आर्थर हर्बर्ट हा आरमारातला माजी बडा अधिकारी. तो साध्या खलाशाच्या वेशात हॉलंडमधल्या हेगला गेला. एकेका आकड्यावर थोडं थांबा, त्या माणसांची भीती त्यातून कळते.

मग मजकूर. पत्र म्हणतं की राज्यातल्या वीसपैकी एकोणीस लोकांना बदल हवाय. नवं मूल राणीचं आहे यावर हजारात एकाचाही विश्वास नाही. खलाशांपैकी दहात एकही राजासाठी नीट लढणार नाही. हे आकडे कुणी मोजले होते? कुणीच नाही. ते डावीकडे लिहा आणि उजवीकडची जागा रिकामी ठेवा, पुढे भरायची आहे. मुलाबद्दलची अफवा अशी होती की अंथरूण गरम करायच्या भांड्यात लपवून परकं बाळ महालात आणलं. प्रसूतीच्या खोलीत डझनावारी साक्षीदार होते, तरी लोकांनी ती मानली. आणि पत्रातली ही जागा तर मला फार बोलकी वाटते: ज्याला बोलावतायत त्यालाच ते सुनावतात की बाळाच्या जन्माबद्दल तुम्ही अभिनंदन कळवलंत, त्याने तुमचं थोडं नुकसानच झालंय.

कुणाला सुनावतात? ऑरेंज घराण्याच्या विल्यमला. तो जेम्सचा भाचा आणि जावई, दोन्ही. बहिणीचा मुलगा आणि मेरीचा नवरा. म्हणून ‘परका’ हा शब्द वहीत लिहिताना जपून लिहा. माणूस नात्यातला होता. फौज, जहाजं आणि पैसा परका होता.

इथे एक पान उलटून मागे जायचं, एप्रिल १६८८ मध्ये. तेव्हा रसेल हेगला जाऊन विल्यमला भेटला होता. विल्यमने सांगितलं की वजनदार माणसांकडून बोलावणं आलं तर सप्टेंबरअखेर मी तयार होईन. म्हणजे जूनचं पत्र ही हाक नव्हे, मागवून घेतलेली हाक आहे. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ नुसता त्या कागदाकडे बघत बसलो होतो. ज्याला आपण ‘निमंत्रण’ म्हणून शिकवत आलो, ते उत्तर होतं.

विल्यमला काय पडलं होतं? १६७२ साल बघा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने हॉलंडवर चाल केली तेव्हा इंग्लंड फ्रान्सच्या बाजूने होतं, आणि डचांना शत्रू अडवायला स्वतःचे बांध फोडून शेतजमिनी पाण्याखाली घालाव्या लागल्या. ते पुन्हा होऊ नये, इंग्लंडचा पैसा आणि आरमार लुईच्या विरोधात यावं, ही त्याची गरज होती. सप्टेंबर १६८८ मध्ये लुईने ऱ्हाइनकाठच्या फिलिप्सबुर्गकडे फौज वळवली, हॉलंडवरचा दाब सुटला आणि विल्यमला निघता आलं. पत्र कितीही कळकळीचं असलं तरी, घेणाऱ्याची स्वतःची निकड नसती तर ते फडताळात पडून राहिलं असतं.

आता उजवी बाजू भरा. पहिल्यांदा निघालेला ताफा वादळाने माघारी आला. दुसऱ्यांदा तो ५ नोव्हेंबरला इंग्लंडच्या नैर्ऋत्येला टॉरबेला लागला, सुमारे १५ हजार सैनिकांसह. ‘तुम्ही उतरताच आम्ही तुमच्या सेवेत हजर होऊ’ असं सह्या करणाऱ्यांनी लिहिलं होतं. रसेल, सिडनी, श्रूजबरी तर त्याच्याच ताफ्यातून आले. डॅन्बीने यॉर्क घेतलं, डेव्हनशर नॉटिंगहॅमला उठला, लमलीने न्यूकॅसल धरलं, पण हे सगळं दूर उत्तरेत. जिथे विल्यम उतरला त्या भागात पहिले काही दिवस फारशी बडी माणसं फिरकली नाहीत. तीनच वर्षांपूर्वी जेम्सविरुद्ध तिथे झालेल्या मॉन्मथच्या बंडानंतर न्यायाधीश जेफ्रीजने शेकडो लोक फासावर चढवले होते. वीसपैकी एकोणीस मनाने असतीलही, घराबाहेर पडले नव्हते. पारडं फिरलं ते जेम्सचा सेनाधिकारी चर्चिल आणि धाकटी मुलगी ॲन त्याला सोडून गेल्यावर. पुढे राजा पळाला, राजमुद्रा थेम्समध्ये फेकली, कोळ्यांनी पकडून परत आणला, पुन्हा निसटून फ्रान्सला गेला. याचा तपशील पुस्तकात मिळेल.

तळाच्या रिकाम्या ओळींना वेळ द्या. पत्रात ‘तुम्ही राजा व्हा’ असं कुठेही नाही. पण डिसेंबरात लंडनच्या राजवाड्यावर डच शिपायांचा पहारा होता, आणि नुसता राणीचा नवरा म्हणून राहायला विल्यमने नकार दिला. १३ फेब्रुवारी १६८९ ला हक्कांचा जाहीरनामा वाचून त्याला आणि मेरीला मुकुट देऊ केला गेला. पत्रात खर्चाचाही उल्लेख नाही. मोहिमेपोटी संसदेने डचांना ६ लाख पौंड मंजूर केले. फ्रान्सशी लांबलेलं युद्धही त्यात नाही. आणि रक्त: जेम्सच्या बाजूच्या फौजांशी लढताना आयर्लंडमध्ये १६९० ला बॉइन नदीकाठी आणि १६९१ ला ऑग्रिमला हजारो माणसं पडली. हे लिहून झालं की ‘रक्तहीन’ या शब्दावर मी मुलांकडून काट मारून घेतो.

हीच रीत आपल्याकडच्या प्रसंगाला लावून बघा. १६८१ मध्ये अण्णाजी दत्तो आणि इतर काही कारभाऱ्यांनी संभाजी महाराजांविरुद्ध कट केला आणि औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याला पत्र लिहून आपल्याकडे वळवायचा प्रयत्न केला. अकबराने ती खबर महाराजांना दिली आणि कटवाल्यांना देहान्त मिळाला. इथे राजांची तुलना करू नका. ती लागू नाही आणि मला मान्यही नाही. तुलना पत्र घेणाऱ्यांची करा. विल्यमकडे फौज होती, निकड होती. अकबर महाराजांच्याच आश्रयाला पालीजवळ राहत होता, त्याची सगळी भिस्त महाराजांवर.

पुढच्या रविवारी आम्ही मार्च १७७५ चा सुरतेचा तह घेणार आहोत. राघोबादादांनी इंग्रजांकडून अडीच हजारांची फौज मागितली आणि साष्टी, वसई देऊ केली. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी इंग्रजांकडेच राहिली. त्या तहात किंमत उघड लिहिलेली आहे, तेव्हा तळाच्या ओळीत काय उरतं ते घरून शोधून आणा. वही रेघ मारूनच आणा.