बरणी सडते ती कुकरपाशीच: या चुका टाळा

"बियाणंच खराब आलं असणार." मशरूमचं बी वाढवायला भरलेली धान्याची बरणी सडली की हे वाक्य ठरलेलं. मग विकणाऱ्याशी हुज्जत, दुसरीकडून बियाण्याची नवी सिरिंज आणि आठवड्याभराने पुन्हा तोच वास. घरी मशरूम करू पाहणाऱ्यांच्या इतक्या सडक्या बरण्या मी हातात धरून बघितल्यात की आता पहिला प्रश्न बियाण्याबद्दल विचारतच नाही. बी टाकण्याआधी बरणीतलं धान्य निर्जंतुक करायला कुकर किती वेळ चालवला, ते विचारते. उत्तर बहुतेकदा शिट्ट्यांमध्ये येतं, आणि तिथेच घोळ कळतो.

धान्याच्या सालीवर बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू (त्यांची टणक, सुप्त रूपं) बसलेले असतात. उकळत्या पाण्याला ते भीक घालत नाहीत. त्यांना मारायला १२१ अंश सेल्सिअसची ओली उष्णता लागते, आणि एवढं तापमान मिळायला कुकरमध्ये १५ पीएसआय, म्हणजे साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब हवा. आपला कुकर किती दाबाचा आहे, हे आधी माहितीपुस्तिकेत बघून घ्या. काही कुकर यापेक्षा कमी दाबावर चालतात.

शिट्ट्या मोजणं

स्वयंपाकात शिट्टी हे माप ठीक आहे, इथे नाही. गॅस मोठा असेल तर दहा शिट्ट्या पंधरा मिनिटांत होतात, बारीक असेल तर तासभर लागतो. बीजाणूंना शिट्टी ऐकू येत नाही, त्यांना लागते ती उष्णता आणि वेळ. शिवाय बरणीच्या मधोमध असलेल्या दाण्यांपर्यंत उष्णता पोचायलाच बराच वेळ जातो. एक लिटरच्या बरणीला पूर्ण दाब आल्यापासून दीड तास द्यावा लागतो. अर्ध्या लिटरच्या बरणीला कमी चालतं म्हणतात, मी तिलाही दीडच तास देते.

ओळखीतल्या एका गृहस्थांची स्वच्छता बघून दवाखान्यातल्यांनी लाजावं. आंघोळ करून बसायचे, तोंडाला मास्क, हाताला स्पिरिट, प्लॅस्टिकच्या खोक्याला भोकं पाडून केलेली बिनवाऱ्याची पेटी. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी बरण्यांची तीच दशा: दाणे करडे, बुळबुळीत, काचेला चिकटलेले, तळाशी मळकट पाण्याची रेघ. झाकण जरा सैल केलं की नासक्या सफरचंदासारखा आंबूस वास. बियाणं विकणारे बदलून झाले होते, आता त्यांना हवा गाळणारं महागडं यंत्र घ्यायचं होतं. म्हटलं, यंत्र राहू दे, आधी माझ्यासमोर कुकर लावा. त्यांनी झाकण लावलं, लगेच शिट्टी चढवली, गॅस मोठा केला, दहा शिट्ट्या मोजल्या आणि बंद. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

मी त्यांना दोन बरण्यांत बी टाकू दिलं नाही. "नुसत्या ठेवून काय करायचं?" म्हणून कुरकुरले. पण त्या दोन्ही बाकीच्यांबरोबरच आंबल्या, आणि बियाणं निर्दोष सुटलं. पुढच्या खेपेला आधी वाफ सोडून मग दीड तास कुकर चालवला, तेव्हा सगळ्या बरण्या स्वच्छ राहिल्या. यावर त्यांचं म्हणणं काय, तर "गॅस फार जळतो हो."

ही बिनबियाची बरणी दर खेपेला ठेवाच. ती सडली तर दोष कुकरचा. ती चांगली राहिली आणि बाकीच्या गेल्या, तर दोष बियाण्याचा किंवा तुमच्या हाताचा. याहून स्वस्त तपासणी मला माहीत नाही, आणि नवखे नेमकी हीच टाळतात, कारण एक बरणी "वाया" जाते.

वाफ न सोडताच शिट्टी लावणं

त्या गृहस्थांची ही दुसरी चूक. कुकरमध्ये हवा अडकली असेल तर दाब पूर्ण येतो, शिट्टीही होते, पण तापमान १२१ पर्यंत चढत नाही, कारण दाबातला काही वाटा हवेचा असतो. म्हणून शिट्टी न लावता नळीतून वाफेचा सलग, जोरदार झोत येऊ द्यावा. मी तो दहा मिनिटं चालू देते आणि मगच शिट्टी चढवते. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि तिथून घड्याळ लावायचं. कुकर हलका फुसफुसत राहिला पाहिजे आणि अधूनमधून शिट्टी व्हायला हवी. मध्येच दाब उतरला तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. उरलेली वीस मिनिटं जोडून हिशेब जुळवणारे लोक असतात. त्यांच्या बरण्या जुळत नाहीत.

समुद्रसपाटीपासून बरंच उंचावर राहत असाल तर त्याच शिट्टीला तापमान थोडं कमी मिळतं, तेव्हा वेळ वाढवा.

पाणी संपणं

प्रत्येक शिट्टीबरोबर पाणी जातं. छोट्या कुकरमध्ये मोठ्या गॅसवर दीड तास पाणी टिकत नाही. मग तळ करपतो, सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो, बरण्या तडकतात. नवा कुकर असेल तर आधी बरण्यांत नुसतं पाणी भरून पूर्ण दीड तास चालवून बघा आणि शेवटी तळाला किती पाणी उरलं ते मोजा. बरण्या जाळीवर ठेवा, थेट तळावर नको.

ओलं धान्य

कुकर अगदी नियमाने लावला तरी ओल्या धान्यापुढे काही चालत नाही. ज्वारी असो की गहू, दाणा आतून ओला आणि बाहेरून कोरडा हवा. मी बारा ते चोवीस तास भिजवते. भिजण्यात बीजाणू जागे होतात आणि जागा झालेला बीजाणू उष्णतेला लवकर बळी पडतो, म्हणून ही पायरी गाळायची नाही. मग मंद आचेवर दहा ते वीस मिनिटं शिजवायचं. दाणा नखाने दाबला की मऊ लागला पाहिजे, पण फुटलेला नको. फुटलेल्या दाण्यातून स्टार्च बाहेर येतो, त्याचा चिकट लगदा होतो आणि जिवाणूंना आयती मेजवानी मिळते.

खरी घाई होते ती निथळताना. चाळणीत पाच मिनिटं ठेवलं आणि भरलं, असं चालत नाही. गरम असतानाच कापडावर पातळ पसरा, अधूनमधून हात फिरवा. मूठभर दाणे टिश्यू पेपरवर ठेवा. पेपरवर ओला डाग उठला तर अजून थांबा. "जिप्सम टाकलंय की" हे उत्तर मी ऐकून घेत नाही. जिप्समने दाणे मोकळे राहायला मदत होते, पाणी काही उडून जात नाही.

थोडक्यात आवरण्यासारख्या चुका

बरणी गळ्यापर्यंत भरू नका. दोनतृतीयांशच भरा, नाहीतर नंतर हलवता येत नाही. झाकण घट्ट पिळू नका. त्याला भोक पाडून वर हवा गाळणारा बोळा किंवा पट्टी असू द्या. त्यावर फॉइल गुंडाळा, नाहीतर थेंब आत झिरपतात. प्लॅस्टिकचं झाकण पॉलिप्रॉपिलीनचं नसेल तर कुकरमध्ये त्याचा आकार उरत नाही.

शिट्टी उचलून वाफ काढणं

दाब एकदम उतरला की बरण्यांतलं पाणी आतल्या आत उकळून वर येतं, बोळा भिजतो, काच तडकते. गॅस बंद करा आणि झोपायला जा. थंड होताना कुकर बाहेरची हवा आत ओढतो, म्हणून पंखा बंद ठेवा. सकाळी बरणी मनगटाला लावून बघा. किंचितही कोमट लागली तर बी टाकू नका. ३० अंशांच्या खाली उतरू द्या. गरम दाण्यात बी मरतं आणि मग दोष पुन्हा विकणाऱ्याला.

कुकरशिवायचे जुगाड

मायक्रोवेव्ह, तासभर नुसती वाफ, वरून हायड्रोजन पेरॉक्साइड: धान्यासाठी यातल्या कशावरही माझा भरवसा नाही. उकळत्या वाफेवर काम करायचंच असेल तर शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांची १८७७ सालची पद्धत आहे. तीन दिवस रोज वाफ द्यायची आणि मधल्या वेळात बीजाणूंना उगवू द्यायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वाफेत ते मरतात. पण ज्यांना दीड तास धीर धरवत नाही, ते तीन दिवस काय धरणार!

आणि सडलेली, हिरवी पडलेली बरणी घरात उघडून वास घेत बसू नका. ट्रायकोडर्मा या बुरशीची हिरवी भुकटी एकदा खोलीत उडाली की पुढच्या खेपेलाही त्रास देते. झाकण न उघडता ती बरणी पुन्हा कुकरला लावा, थंड होऊ द्या, मग घराबाहेर नेऊन रिकामी करा.