लिफ्टनंतरची थरथर

खडकांवर चढता यावं म्हणून गाडीला 3 इंचांची लिफ्ट दिली (सस्पेन्शन उंच केलं) आणि सपाट रस्त्यावर 60च्या पुढे गाडी थरथरू लागली. दोनदा व्हील बॅलन्सिंग केलं, फरक शून्य. शेवटी मागचा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या एक्सलला फिरवणारा दांडा) उतरवला. त्याच्या टोकाच्या क्रॉसची (कोनात फिरू देणाऱ्या सांध्याची) एक टोपी काढली तर आत ग्रीसऐवजी तांबूस भुकटी! बेअरिंगच्या सुया पार झिजलेल्या.

पण नुसता क्रॉस बदलून भागणार नव्हतं, तो पुन्हा गेला असता. लिफ्टने शाफ्टचे कोन बदलतात, म्हणून गाडी चाकांवर उभी असताना दोन्ही टोकांचे कोन मोजले: ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचा) फ्लँज 5 अंश, पिनियन (एक्सलकडचा दांडा, ज्याला शाफ्ट जोडतो) 1 अंश. दोन्ही टोकांना एकेरी क्रॉस असेल तर हे कोन जवळपास सारखे हवेत. पाटे (लीफ स्प्रिंग) आणि एक्सलच्या मध्ये 3 अंशांच्या पाचरी घालून पिनियन 4 अंशांवर आणला. माझे पाटे एक्सलच्या वर आहेत, म्हणून जाड बाजू मागे. उरलेला 1 अंश मुद्दाम सोडला, कारण जोर दिल्यावर पाटे पिळवटतात आणि पिनियन वर उचलला जातो. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच टाकले, जुने पुन्हा वापरू नयेत.

थरथर गेली. जाता जाता चाक पूर्ण लोंबकळवून ब्रेकचा रबरी पाइपही पाहिला, तर तो तारेसारखा ताणलेला. तोही लांब घेतला.