मोठ्या शिरांची जन्मजात वेगळी रचना सीटीवर कशी ओळखावी

महाधमनीच्या डाव्या बाजूला दिसणारा गोल ठिपका ही लसिकाग्रंथी आहे की शीर, हे एका स्लाइसवरून (सीटीतल्या एका आडव्या छेदावरून) कधीच ठरवू नये. तो वर-खाली स्लाइसमागून स्लाइस पाहत जावे. तो सलग पुढे सरकत राहिला तर शीर, दोनचार स्लाइसमध्ये विरला तर बहुधा ग्रंथी.

म्हापसा, मडगाव किंवा सिंधुदुर्गातून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात येणाऱ्या रुग्णाकडे जुन्या सीटीची सीडी असल्यास ती आधी पाहावी. पोटाच्या साध्या तपासणीतही शिरेचा मार्ग पुष्कळदा कळतो आणि नवे किरण, नवा कॉन्ट्रास्ट (शिरेत टोचायचे, वाहिन्या उजळ दाखवणारे औषध) वाचतो.

नवी तपासणी करावीच लागली, तर वेळ महत्त्वाची. इंजेक्शननंतर 60 ते 70 सेकंदांनी मूत्रपिंडांतून उजळ रक्त परतते, पण पायांतून येणारे रक्त तेव्हा काळेच असते. दोन्ही खालच्या महाशिरेत (पोट-पायांचे रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) मिसळताना गुठळीचा हुबेहूब आभास होतो. म्हणून शंका आल्यास 90 ते 120 सेकंदांनी तेवढाच भाग पुन्हा पाहावा. लहान मुलांमध्ये मात्र स्कॅनच्या फेऱ्या वाढवू नयेत.

वाचन मांडीच्या शिरांपासून उजव्या कर्णिकेपर्यंत करावे. खालची महाशीर दुहेरी असल्यास (सुमारे 1 ते 3 टक्के लोकांत) डावी शाखा डाव्या मूत्रपिंडशिरेला मिळते आणि तिच्यावाटे सहसा महाधमनीसमोरून उजवीकडे जाते. यकृतामागचा भाग दिसत नसेल आणि अझायगस शीर (पाठीच्या कण्याजवळून छातीत वर जाणारी) फुगलेली असेल, तर रक्त त्या वाटेने वर जाते. अशा वेळी प्लीहा एकच आहे की अनेक, आणि हृदयाची रचना कशी आहे, हेही तपासावे. उजवी मूत्रवाहिनी महाशिरेमागून वळते का, हे पाहायला उशिराची, मूत्रवाहिनी भरल्यानंतरची फेरी लागते.

छातीत डावी ऊर्ध्व महाशीर (डोके-हातांचे रक्त आणणारी वरची महाशीर, जी एरवी उजवीकडेच असते) शोधताना उजव्या हातात दिलेला कॉन्ट्रास्ट फसवतो, कारण ती शीर न भरताच राहू शकते. डाव्या हातात दिल्यास ती उजळते, पण दाट कॉन्ट्रास्टच्या रेषा टाळण्यासाठी मागोमाग सलाइन द्यावे. डाव्या मुख्य श्वासनलिकेसमोर दोन वाहिन्या दिसल्या आणि कोरोनरी सायनस (हृदयाच्या स्वतःच्या शिरांचे रक्त उजव्या कर्णिकेत सोडणारी वाहिनी) रुंद असला, तर निदान जवळजवळ पक्के. तिथे एकही वाहिनी नसेल, तर फुप्फुसाची वरची डावी शीर चुकीच्या जागी उघडते आहे का, याचा विचार करावा. ही गफलत अनुभवी डोळ्यांचीही होते.

अहवालात केवळ नाव देऊन थांबू नये, मार्ग लिहावा. दुहेरी महाशिरेत फक्त उजवीकडे फिल्टर (गुठळी अडवणारी जाळी) बसवल्यास डाव्या पायातली गुठळी मोकळ्या वाटेने वर जाऊ शकते, आणि डावी ऊर्ध्व महाशीर असल्यास डाव्या बाजूने पेसमेकरची तार घालणाऱ्याला ती तार कोरोनरी सायनसमधून वळवावी लागेल, हे आधीच कळलेले बरे.