चैत्रात हात जरा आवरा: परसबागेतल्या या चुका टाळा

पाडव्याचा मुहूर्त साधून अकरा रोपं आणली होती. जोतिबाची यात्रा झाल्यावर मोजली, तर सात. पंधरा दिवसांत चार गेली. कीड नव्हती, मांजरानं उकरलं नव्हतं, पाणी तर दोन्ही वेळा होतं. चारही मीच मारली, आणि तीही माया करता करता.

मोबाईलवर या दिवसांत बागेचे जे व्हिडिओ फिरतात, ते बहुतेक थंड मुलखातले. तिथं माती नुकती उबदार होत असते, म्हणून कुंड्या बदला, छाटा, खत घाला, पेरा, सगळं त्याच महिन्यांत. कोल्हापुरात तोवर शिमगा होऊन गेलेला असतो आणि ऊन चढायला लागलेलं असतं. एप्रिलात पारा ३७-३८ ला टेकतो, गच्चीच्या स्लॅबवर त्याहून वर. आपल्याकडे या दिवसांत नवं मांडायचं कमी आणि आहे ते मिरगापर्यंत टिकवायचं जास्त. आमच्या घरी गच्चीवर चाळीसेक कुंड्या आणि मागं जेमतेम दोन खाटा मावतील एवढं परस. तेवढ्यात झालेल्या चुकांची ही जंत्री.

रोप आणलं की लगेच कुंडीत

त्या चार रोपांचं झालं असं. रोपवाटिकेत ती हिरव्या शेडनेटखाली होती. मी आणली, पिशवी फाडली, मुळांभोवतीचा लाल मातीचा गोळा "चिकट आहे" म्हणून बोटांनी फोडला, छान भुसभुशीत मातीत लावली आणि दक्षिणेच्या कठड्याला मांडली. गोळा फोडताना केसासारखी बारीक मुळं तुटतात, आणि पाणी ओढायचं काम तीच करतात. वरून सावलीतलं झाड एकदम भर उन्हात.

गोळा अजिबात न फोडला तर दुसरंच दुखणं निघतं. भोवतीची माती मोकळी आणि मधला गोळा विटेसारखा, त्यामुळे पाणी बाजूनं निथळून जातं नि आतलं मूळ कोरडंच राहतं. वरून बघणाऱ्याला कुंडी ओली दिसते. यावर उपाय सोपा आहे. रोप पिशवीसकट बादलीत बुडवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा, पिशवी कापा आणि गोळा अखंड लावा. त्याआधी आठवडाभर ते दारातल्या सावलीत राहू दे. जुन्या झाडांच्या कुंड्या बदलायचं काम तर सरळ पावसाळ्यावर टाका. मूळ कुंडीबाहेर आलंय, म्हणून एप्रिलात झाड मरत नाही. कुंडी बदलली तर मात्र मरू शकतं.

रोज तांब्याभर पाणी

ही चूक आपल्यात घरोघरी आहे, कारण तुळशीला तांब्याभर पाणी घालायची सवय हाताला असते. तांब्याभर पाण्यानं वरची बोटभर माती ओली होते, मुळं त्या ओलीसाठी वरच राहतात आणि दुपारी तीच माती सगळ्यात आधी तापते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसून बघा. आत ओल असेल तर आज पाणी नको. नसेल तर सकाळी लवकर, कुंडीच्या बुडातून निथळेपर्यंत घाला. परसातल्या लिंबाचं आळं खोडाला चिकटून करू नका. फांद्यांची सावली जिथं संपते तिथं करा, पाणी ओढणारी मुळं तिकडं असतात.

दुपारी दोनला दुधीची पानं छत्री मिटल्यासारखी लोंबतात. ते बघून धावत जाऊन पाणी ओतू नका. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर झाड फक्त ऊन टाळत होतं. सकाळी सातलाही पानं मान टाकून असतील तेव्हा काळजी करा, आणि तेव्हाही आधी बोट खुपसा. माती चिखल असेल तर मूळ सडतंय, त्यावर आणखी पाणी म्हणजे आगीत तेल.

मातीवर आच्छादन हवंच, आणि ते आपल्या भागात फुकट आहे. साखर कारखान्यांचा हंगाम संपत आलेला असतो, तोडणी झालेल्या रानात उसाचं पाचट पडलेलं असतं. पाहुण्यांच्या वडणग्याच्या रानातून आम्ही दोन बोचकी आणतो, विळ्यानं वीतभर तुकडे करतो आणि चार बोटं जाडीचा थर देतो. खोडाभोवती मूठभर जागा मोकळी ठेवायची, नाहीतर साल कुजते. पाचटाखाली कधीमधी वाळवी दिसते, तेव्हा थर उचलून माती उन्हाला उघडी करायची. कुंड्या स्लॅबवर थेट ठेवण्यापेक्षा दोन विटांवर ठेवल्या तरी मुळांना फरक कळतो.

कच्चं शेण

आमच्या पेठेत म्हशी अजून आहेत. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध प्यायला लोक लांबून येतात, त्याच म्हशींचं शेण आम्हाला दाराशी मिळतं. एका फाल्गुनात मी गवळीमामांकडून दोन पाट्या मागून आणल्या आणि सगळ्या गुलाबांना वाटल्या. मामा पाटी भरतानाच म्हणाले होते, "वहिनी, ह्ये अजून कच्चं हाय की! हात घालून बघा, तापतंय." मी बघितलं नाही. आठ दिवसांत गुलाबांच्या पानांच्या कडा करपल्या. शेण कुजताना उष्णता निघते आणि अमोनियाही, कोवळ्या मुळांना दोन्ही भोवतात.

आता मी मूठभर खत ओलं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून तीन दिवस ठेवते. उघडल्यावर नाकात झणका गेला तर अजून मुरायचंय. पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर घालायला हरकत नाही, तेही या दिवसांत मूठ-दोन मूठच. चांगलं मुरलेलं खतसुद्धा भर उन्हाळ्यात पाटीनं घालायचं नसतं, आणि युरियाचा चमचा तर नकोच. कोवळी लुसलुशीत फूट आली की ऊन आणि मावा, दोघांचं फावतं.

मोगरा आणि गुलाब

मोगऱ्याची छाटणी माघात उरकायची. मी एकदा रंगपंचमी झाल्यावर कात्री घेतली आणि कळ्यांसकट शेंडे उतरवले. शेजारच्या मावशी रोज ओंजळभर फुलं नेऊन देवाला वाहत होत्या. माझ्या मोगऱ्यानं तोंड उघडलं मे सरता सरता. एक बहर संपल्यावर मात्र शेंडे दोन पेरं खुडावेत, पुढचा बहर त्या नव्या फुटीवर येतो. गुलाबाची मोठी छाटणी दसरा-दिवाळीच्या सुमाराची, आता फक्त वाळली फुलं काढा. आणि कलमाच्या सांध्याखालून जोमानं वर आलेली, वेगळ्याच पानांची काठी बघून हरखू नका. ती खालच्या जंगली गुलाबाची आहे. मुळापाशी धरून ओढून काढा, नाहीतर वरचं कलम उपाशी मरतं.

नीमतेल, पण भर दुपारी

जास्वंदीवर कापसासारखा पिठ्या ढेकूण येतो तो याच कोरड्या हवेत. रविवारी सवड मिळाली म्हणून अकरा वाजता फवारलं, आणि ढेकणांच्या आधी पानं भाजली. फवारणी नेहमी ऊन उतरल्यावर. लिटरभर पाण्याला ५ मिली नीमतेल, त्यात थोडा साबण, नाहीतर तेल वरच तरंगतं. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबायचं. त्याहूनही आधी पाइपच्या धारेनं ढेकूण धुऊन काढायचे, निम्मं काम पाणीच करतं. मुंग्यांची रांग दिसली तर ती तोडा. ढेकणांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांना या फांदीवरून त्या फांदीवर नेतात, गुरं चारल्यासारख्या.

"फुलं येतात, दुधी धरत नाही"

उन्हाळ्यात मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस वेलावर नुसती नरफुलं येतात, लांब सडपातळ देठाची. ती गळणारच. मादीफुलामागं बोटाच्या पेराएवढा लव असलेला दुधी असतो, ते आल्यावरच आशा धरायची.

इथं खरी गोम वेळेची आहे. दुधीचं पांढरं फूल दिवेलागणीला उमलतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मलूल होतं. परागीकरण करतात ती रात्रीची पाखरं, आणि तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर ती फिरकतीलच असं नाही. दोडकाही संध्याकाळचा. लाल भोपळा, काकडी आणि कारलं सकाळची. मी दोन वर्षं सकाळी चहा पीत दुधीच्या मिटलेल्या फुलांशी खटपट करत होते.

आता साडेसहाच्या पुढं गच्चीवर जाते. ताजं नरफूल देठासकट तोडायचं, पाकळ्या मागं दुमडायच्या, मधला पिवळा परागदांडा मादीफुलाच्या मधल्या भागावर हळू फिरवायचा. एक नरफूल दोन-तीन मादीफुलांना पुरतं. तीन-चार दिवसांत कोवळा दुधी मान खाली घालून फुगायला लागला की धरला. टोकाकडून पिवळा पडत सुकला तर हुकला. मागच्या उन्हाळ्यात एका वेलानं नऊ दुधी दिले, आणि घरात दुधीचं नाव काढायची चोरी झाली.

आजी कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवू द्यायची नाही, फळ कुजतं म्हणायची. बोट वाकडं करून दाखवावं लागायचं. कुजवणारी खरी फळमाशी. फळावर टाचणीच्या टोकाएवढं भोक, त्यातून डिंकाचा थेंब, आणि फळ एका बाजूला वाकडं. आत अळ्या असतात. असं फळ कंपोस्टात टाकलं तर माश्यांची पुढची पिढी आपणच पोसतो. पिशवीत गाठ मारून आठवडाभर उन्हात टाका. धरलेल्या प्रत्येक दुधीला वर्तमानपत्राची सैल पुंगळी घातली की माशी बसत नाही.

टोमॅटो, मिरची, कोथिंबीर

दिवसाचा पारा ३५ च्या वर आणि रात्रही उकाड्याची असली की टोमॅटोची फुलं गळतात. खतानं ती थांबत नाहीत, दुपारी सावलीचं कापड बांधा. फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग हा रोग नसतो. पाणी एक दिवस भरपूर, दोन दिवस नाही, असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. अंड्याची टरफलं कुस्करून घालणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण ती विरघळेपर्यंत टोमॅटोचा हंगाम संपतो.

मिरचीची पानं आकसली की सगळे "चुरडा-मुरडा" म्हणून मोकळे होतात. पानं वर वळून द्रोणासारखी झाली असतील तर फुलकिडे, खाली वळून देठ लांबले असतील तर कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, घरातला कोळी नव्हे. दोन्ही पानाच्या पाठीमागं असतात, आणि आपण फवारतो वरून.

कोथिंबीर या उन्हात चार पानांवर फुलाला येते. तरी हौस असेल तर धने वहाणेनं रगडून दोन फाकी करा, सावलीत पेरा, आठ-बारा दिवस कळ काढा. मला विचाराल तर तीच जागा गवारीला, भेंडीला, चवळीला द्या. या उन्हात ती माजतात.

पहिला वळीव

दुपारभर घुसमट, चारला आभाळ काळं, मग धुळीचा लोट आणि टपोरे थेंब. कधी गाराही. वळिवाआधीची कामं आपण नेहमी वळिवानंतर आठवतो. टांगत्या कुंड्या खाली घ्या, वेलाचा मांडव सुतळीनं दोन ठिकाणी जास्त बांधा, गच्चीच्या पन्हळीच्या तोंडातलं पाचट काढा. हे शेवटचं मी विसरले आणि घोटाभर पाण्यात कुंड्या उभ्या होत्या. गारांनी पानं फाटली तर त्याच संध्याकाळी कात्री घेऊन बसू नका. दोन-तीन दिवसांनी कुठलं पान जगतंय ते दिसतं.

दुसरी चूक उतावळेपणाची. मातीला वास सुटला की बियांच्या पुड्या बाहेर येतात. वळीव गेला की ऊन पुन्हा येतं, पहिल्यापेक्षा कडक, आणि वीतभर कोंब होरपळतात. पावसाळी पेरणीला मिरगाचीच वाट बघा.

तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते, पण उसाच्या रानातल्या माणसाला विचारा. पहिल्या वळिवानंतर हुमणीचे तपकिरी भुंगे मातीतून बाहेर येतात. अंधार पडताच कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, पाला खातात आणि पहाटेआधी परत मातीत. त्यांची अंडी तिथंच, आणि पावसाळ्यात मुळं खाणारी पांढरी अळी तीच. अर्थात कुंडीत सापडणारी प्रत्येक वाकडी पांढरी अळी हुमणी नसते. फरशीवर ठेवून बघा. उताणी होऊन पाठीवर सरपटत गेली तर ती कुजका पालापाचोळा खाणारी, तिला कंपोस्टात सोडून द्या.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कडुनिंब आहे. यंदा पहिला वळीव झाला त्या रात्री आठला पोरांनी खाली जुनी चादर पसरली, लांब काठीनं फांद्या हलवल्या आणि पडलेले भुंगे साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकले. पहिल्या दिवशी मोजता मोजता दीडशेवर कंटाळलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या निम्मे. तिसऱ्या दिवशी दहा-बारा आले, आणि त्यातला एक माझ्या मोगऱ्याच्या कुंडीतून बाहेर येताना मीच पकडला.