व्हॅम्पायर कादंबरी वाचताना या चुका टाळा

सहाशे पानांची व्हॅम्पायर कादंबरी मी चारशेव्या पानावर मिटून ठेवली. पहिली साठ पानं इतकी सुरेख होती की पुढचं बिघडणं मनाला फार लागलं. बिनसलं कुठे हे शोधायला पेन्सिल घेऊन मागे गेले, तेव्हा कळलं की निम्मा दोष पुस्तकाचा होता आणि निम्मा माझ्या वाचण्याचा.

पहिली चूक पुस्तक उचलतानाच होते. काळं मुखपृष्ठ, त्यावर लाल थेंब. भयकथा, प्रेमकथा आणि फँटसी, तिघींनाही हाच वेश चढवतात. मी भीतीच्या ओढीने घेतली आणि निघाली राजघराण्यांच्या वैराची फँटसी. जिथे एका नगरात दोनशे व्हॅम्पायर राहतात, त्यांची सभा भरते, वारसाहक्काचे तंटे चालतात, तिथे एकट्या रक्तपिपासूची दहशत टिकणार कशी? घेण्याआधी पहिलं प्रकरण वाचा आणि सांगणाऱ्याची नजर बघा. तो व्हॅम्पायरला घाबरतो, त्याच्याकडे ओढला जातो, की त्याच्या दरबारातलं राजकारण समजावत बसतो? उरलेलं पुस्तक बहुधा त्याच वाटेने जातं.

दुसरी चूक मी अनेकदा केली आहे: ‘हा खरा व्हॅम्पायरच नाही’ ही तक्रार. तो उन्हात फिरला की लेखकाने फसवलं असं मला वाटायचं. पण ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतला व्हॅम्पायर, काउंट ड्रॅक्युला, लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो, त्याची शक्ती तेवढी उणावते. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना रुजली ती १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटापासून. काउंटचा शेवटही लाकडी खुंटीने होत नाही, सुऱ्यांनी होतो. आणखी मागे जा, तर पूर्व युरोपातल्या लोकसमजुतींमधला व्हॅम्पायर फिकट आणि देखणा नव्हताच. ते होतं फुगलेलं, लालसर प्रेत. कुजताना पोटात वायू साचतो, तोंडातून रक्तासारखा द्रव येतो. कबर उकरणाऱ्या गावकऱ्यांना वाटायचं, याने कुणाचं तरी रक्त प्यायलंय. त्याला उमराव बनवलं ते जॉन पॉलिडोरीच्या १८१९ मधल्या कथेने. स्वतःच्या अस्तित्वाने दुःखी होणारा व्हॅम्पायरही आजचा नाही. १८४५ ते १८४७ दरम्यान हप्त्याहप्त्याने निघालेल्या कथेतला व्हार्नी अखेर जगण्याला कंटाळून व्हेसुव्हियस ज्वालामुखीत उडी घेतो.

तेव्हा खरे नियम कुणाचे, हा वाद सोडून द्यावा. या पुस्तकाने स्वतःच घातलेले नियम पाळले का, एवढंच विचारावं. माझी कादंबरी नेमकी इथेच कोसळली. पन्नासाव्या पानावर नायिका उंबरठ्याच्या आत बसलेली आहे आणि व्हॅम्पायर बाहेर उभा आहे. बोलावल्याशिवाय त्याला घरात पाऊल टाकता येत नाही. रात्रभर तो तिच्या मेलेल्या भावाच्या आवाजात हाका मारतो, आणि ती ‘ये’ एवढा एक शब्द तोंडातून निसटू नये म्हणून ओठ चावत राहते. काय प्रसंग आहे! तो सगळा त्या एका अटीवर उभा आहे. तीनशे चाळिसाव्या पानावर मात्र खलनायक सरळ घरात शिरतो. कारण एका वाक्यात उरकलेलं: प्राचीन रक्ताला ही अट लागू नसते. त्या वाक्याने मागची ती रात्रसुद्धा पोकळ करून टाकली. व्हॅम्पायरला जे जमत नाही, त्यातूनच त्याची गोष्ट घडते.

उपाय साधा आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर तीन गोष्टी टिपून ठेवा: त्याला काय जमत नाही, त्याची भूक कशी भागते, तो मरतो कशाने. नियम मोडलेला दिसला की मागे जा आणि त्याचं बीज आधी कुठे पेरलंय का ते शोधा. ‘प्राचीन रक्ता’चं बीज मला कुठेच सापडलं नाही, त्यामुळे तो दोष लेखकाचाच. नायिका अचानक निष्ठुर होते ही माझी दुसरी तक्रार मात्र खोटी ठरली. तिचं कारण एका लांबलचक पत्रात होतं आणि ते पत्र मी घाईत गाळलं होतं. या प्रकारच्या कादंबऱ्यांत पत्रं आणि जुन्या नोंदी कधी गाळू नयेत. ‘ड्रॅक्युला’ तर जवळजवळ सगळीच रोजनिशा, पत्रं आणि वर्तमानपत्री कात्रणांतून उलगडते.

तीनशे वर्षं जगलेला नायक विशीतल्या मुलासारखा रुसून बसत असेल, तर त्याच्या देखणेपणापायी तिकडे काणाडोळा करू नका. आज जिवंत असलेल्या कुणालाही आठवणार नाही असं काही त्याला आठवतं का? गेलेल्या माणसांची नावं त्याच्या बोलण्यात येतात का? माझ्या नायकाच्या बोलण्यात एकही आलं नाही. शंभर पानांत हे दिसलं नाही, तर पुढे दिसेल अशी आशा मी आता धरत नाही.

आणि हातातलं पुस्तक मालिकेचा पहिला भाग तर नाही ना, तेवढं आधी बघून घ्या. अर्ध्यावर तुटलेल्या शेवटाचा राग उगाच पूर्ण कथेवर निघतो.

त्या कादंबरीची पहिली साठ पानं मी परवा पुन्हा वाचली, पुढे काय होणार हे माहीत असूनही. उंबरठ्यावरच्या त्या हाका ऐकताना मीही ओठ घट्ट मिटून घेतले होते.