कॉर्नब्रेड ड्रेसिंगचा लगदा कसा टाळला
अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, टर्की पक्ष्याच्या मांसासोबत कॉर्नब्रेड ड्रेसिंग, म्हणजे मक्याच्या पिठाच्या पावाचा चुरा भिजवून भाजलेला पदार्थ, हवेच. पहिल्या वर्षी मी गरम कॉर्नब्रेड लगेच कुस्करला आणि त्यावर सगळा स्टॉक (मांस-हाडे उकळून गाळलेले पाणी) एकदम ओतला, त्यामुळे तासभर भाजूनही मधला भाग पिठल्यासारखा सैल राहिला. पुढच्या वर्षी बिडाच्या तव्यात बिनसाखरेचा कॉर्नब्रेड आदल्या दिवशीच भाजला, चुरा परातीत रात्रभर उघडा ठेवला आणि सकाळी तो बोटांना कोरडा, रवाळ लागल्यावरच त्यात लोण्यावर परतलेला कांदा व सेलरी, थोडे सेज (एक सुगंधी पाला) आणि दोन अंडी घालून कोंबडीचा कोमट स्टॉक वाटीवाटीने मुरवत गेलो. मिश्रण चमच्यावरून धारेने न पडता गोळ्यागोळ्याने पडू लागले की थांबावे. ३५० अंश फॅरनहाइटला पाऊण तासात कडा तांबूस झाल्या आणि मधोमध खुपसलेली सुरी स्वच्छ निघाली.